होडीवाल्यांचं गाणं

पुरसो, पहिलीच गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. ते गाणं पिक्चरमध्ये होतं. पाच मिनिटांचं होतं आणि सगळं तुझ्या आवाजात होतं. मी ते तीन खेळांना ऐकलं आणि चौथ्या खेळाच्या आधी माझ्या हातांनी कापलं.

हे तुला तोंडावर सांगायला मला पन्नासएक वर्षं मिळाली होती. केरीहून तू डिचोलीला यायचास, मी मुळगावहून सायकल मारत स्टँडवर घ्यायला यायचो, आणि चहा पिईपर्यंत आपलं भांडण सुरू झालेलं असायचं. इतर दोस्त जमिनीवरून, राजकारणावरून भांडतात. आपण भांडलो ते ऐतिहासिक नाटकात आणि पिक्चरात गाणी असावीत की नसावीत यावरून. ते भांडण मिटलं नाही, आणि आता तू नाहीस, म्हणून एका बाजूचंच लिहिलं जाणार. शक्य तितकं तुझ्या बाजूचं लिहितो.

आठवतं तुला, आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात तुला पेटी वाजवायला केरीहून आणलं होतं? तालमीसाठी महिनाभर तू आमच्या घरी राहिलास. सकाळी पोदेर पाव घेऊन आला की आईच्या आधी तूच दारात. मी नाटक बसवत होतो आणि प्रॉम्प्टिंगही मीच करत होतो. सेनापती रणात घायाळ होऊन पडतो आणि मरता मरता तीन कडव्यांचं पद म्हणतो, ते पद मी काढून टाकलं. मी म्हणालो, "छातीत भाला घुसलेला माणूस ताना घेत नाही." तू पेटीवरची धूळ पुसत म्हणालास, "विष्णू, छातीत भाला घुसलेलो माणूस प्रॉम्प्टरचं ऐकून भाषण तरी खंय करता?"

नाटकाच्या दिवशी सेनापती पडला, आणि तू विंगेतून हळूच सूर दिलास. झालं! मेलेला सेनापती कोपरावर उठला, तिन्ही कडवी म्हणाला, लोकांनी वन्स मोअर दिला, तो परत उठला आणि परत मेला. मी आतून ओरडतोय, "मर रे आता, मर!" आणि पुढच्या रांगेतली म्हातारी डोळ्यांना पदर लावून बसलेली. नाटक संपल्यावर तू मला ती म्हातारी दाखवलीस. मी म्हणालो, "ती गाण्यानं रडली. इतिहासानं नव्हे." तू म्हणालास, "तिका काय फरक पडता?"

माझं म्हणणं काय होतं, तेही नीट लिहून ठेवतो, नाहीतर लोकांना वाटेल मी नुसता हेकट होतो. मला वाटायचं की अशा जुन्या काळच्या मोठ्या गोष्टीला स्वतःची एक चाल असते. भाषा जड असते, माणसं कमी बोलतात, आणि मरण आलं की तिथे शांतता हवी. गाणं आलं की प्रेक्षक सुटतो. त्याला रडायला सोपी जागा मिळते, आणि ज्याला रडायचं नसतं तो बिडी ओढायला बाहेर जातो. डिचोलीच्या थिएटरात मी पिक्चर चालवायचो, तिथल्या केबिनच्या बारक्या जनेलातून, खिडकीतून, मी रोज हेच बघायचो. गाणं लागलं की अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.

मग तू एका नाटक कंपनीबरोबर पेटी घेऊन कोल्हापूरला गेलास. मुक्ती होऊन काही वर्षं झाली होती, गोव्यातली पोरं जिथे तिथे जाऊ लागली होती. तिथून तुझं पत्र आलं. एका ऐतिहासिक पिक्चरच्या संगीतवाल्यानं तुला गुणगुणताना ऐकलं होतं आणि एक गाणं तुझ्याकडून गाऊन घेतलं होतं. कुठलं गाणं, कुठल्या प्रसंगाला, काही लिहिलं नव्हतंस. "नाव पडद्यावर येणार नाही, पण आवाज येणार. तू कान उघडे ठेव आणि तोंड बंद ठेव." एवढंच.

कान मी उघडे ठेवले. तोंड मात्र नको तिथे उघडलं आणि नको तिथे बंद ठेवलं.

ते पिक्चर बेळगावहून थेट आमच्याकडे आलं. म्हापशाला लागलंच नव्हतं. शुक्रवारी पहिला खेळ. किल्ला पडतो, म्हातारा किल्लेदार मरतो, आणि त्याची माणसं शत्रूच्या नकळत त्याचं प्रेत होडीत घालून खाडीपलीकडे नेतात. मी मनात म्हणत होतो, आता गप्प रहा, फक्त पाण्याचा आवाज येऊ दे. तेवढ्यात होडीवाला गायला लागला.

"हळू मार रे वल्हं, धनी निजलो आसा."

पहिल्या अक्षराला तुझा आवाज ओळखला. वाद्यं जवळजवळ नव्हतीच. एक तू आणि मागे चारपाच जणांचा "हो". मला पहिल्यांदा काय आलं असेल तर राग. म्हटलं, पुरसोनं विंगेतून परत सूर दिला. इथेही.

आता जे तू असेपर्यंत मी कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. आमच्या मशीनला कार्बनच्या कांड्या असायच्या. त्या जळत जातात तशा पुढे सरकवाव्या लागतात, नाहीतर पडद्यावरचा उजेड पिवळा पडतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा उजेड कधी पिवळा पडला नव्हता. त्या गाण्याला पडला. खालून शिट्ट्या आल्या, "ए ऑपरेटर, निदलोस काय रे?" तेव्हा मी भानावर आलो. मी जनेलाला कपाळ लावून ऐकत उभा होतो. आणि खाली बघितलं तर बिडी ओढायला एकही माणूस उठला नव्हता.

शनिवारी दोन खेळ झाले. दोन्ही खेळांना तेच. कुणी उठलं नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र आयुष्यभर जे बोललो ते सगळं कुणी खोडून टाकतंय असं वाटत होतं.

शनिवारचा शेवटचा खेळ सुटला आणि मालक केबिनमध्ये आले. पिक्चर लांब होतं, सुर्ल्याची शेवटची बस लोकांना चुकली होती. खाणीवरची माणसं सुर्ल्यापर्यंत चालत गेली. मालक म्हणाले, "विष्णू, बस चुकली तर फुडल्या खेपेक कोण येवचो ना. पांच मिनटां काप."

"काय कापू?"

"तुका कळता तें काप."

यात नवल काही नव्हतं. लहान गावच्या थिएटरात हे चालायचंच. बसच्या वेळेला पिक्चर बसवायचं, त्यासाठी एखादं गाणं काढून ठेवायचं, आणि प्रत परत पाठवताना जागच्या जागी जोडून द्यायचं. काय काढायचं हे ऑपरेटर ठरवायचा. त्या पिक्चरमध्ये दरबारातला एक नाच होता. शत्रूच्या सरदारासमोर बाई नाचते, मध्ये एक विदूषक आरडाओरडा करतो. तोही पाचच मिनिटांचा. तो काढला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि तो त्या काळाला शोभतही नव्हता. ते मी आजही म्हणेन, आणि तूही म्हणाला असतास.

मी तुझं गाणं काढलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बसच्या वेळेमुळे कापलं. बसच्या वेळेला पाच मिनिटं हवी होती. कुठली पाच, ते मी ठरवलं. पुरसो, मला आपलं भांडण जिंकायचं होतं. वाटलं, आता बघू, गाण्यावाचून हा प्रसंग कसा उभा राहतो. रात्रीच जोडून चालवून पाहिलं, राहिलाही उभा. प्रेत होडीत ठेवलं, आणि एकदम पलीकडचा काठ. मला ते फार चांगलं वाटलं. रविवारी दुपारी खेळ सुरू झाल्यावरही पहिला अर्धा तास तसंच वाटत होतं.

त्यानंतर मी खाली पाहिलं.

तू येणार म्हणून कळवलं नव्हतंस. तुझ्या मेव्हण्याचा सुर्ल्याला खनिजाचा ट्रक होता. तो धुऊन, त्यात केरीची तीस-बत्तीस माणसं घालून तू आला होतास. धुतला तरी ट्रक तो ट्रकच. सगळ्यांचे पांढरे कपडे लाल झालेले. भामावहिनी नव्या लुगड्यात, तुझा थकलेला बाप पुढच्या खुर्चीवर, आणि तू उभाच, भिंतीला टेकून, लोकांची तोंडं बघायला. पडद्याकडे तुझी पाठ होती. गाणं जवळ आल्यावर तू हात वर करून सगळ्यांना गप्प बसवलंस, ते मी जनेलातून बघितलं. प्रेत होडीत ठेवलं. तू डोळे मिटलेस. आणि पलीकडचा काठ आला.

तू डोळे उघडलेस. मग वळून पडद्याकडे बघितलंस.

खेळ सुटल्यावर तू केबिनचा जिना चढून आलास. रागावला नव्हतास. एवढंच विचारलंस, "विष्णू, गाणं खंय गेलं?"

मी फीत गुंडाळत होतो. मान वर न करता म्हणालो, "प्रत बेळगावहूनच कापून आली."

"सगळं?"

"तुझं गाणं प्रतीत नाहीच. मी शुक्रवारपासून वाट बघतोय."

तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "तुझो तरी काय दोष?" आणि खाली जाऊन ट्रकात बसलास. गाणं तेव्हा माझ्या पायाशी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होतं.

खोटं एकदाच बोलायचं असतं असं मला वाटलं होतं. पण एकदा म्हटलं की प्रत कापून आली, की मग मी ते गाणं ऐकलंच नाही असंही म्हणावं लागलं. डिचोलीत ते ऐकलेली दोन दिवसांची माणसं होती, पण त्यांना आवाज कुणाचा ते ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं असा मी एकटा, आणि विचारायला सगळे माझ्याकडेच आले, कारण मी तुझा दोस्त. तुमच्या गावचा एक शिक्षक मुद्दाम येऊन गेला. म्हणाला, "गावात पैज लागलीय. पुरसो खरंच गायला का? तुम्ही तर सगळं पिक्चर पाहिलंय." मी म्हणालो, "माझ्या बघण्यात तरी असं गाणं नाही." त्यानं मान हलवली, आणि मला कळलं की मी तुला गावात खोटं पाडलं.

त्यानंतर केरीत तुला काय काय म्हणायचे ते तूच हसत हसत सांगायचास. "रे पुरसो, पडद्याच्या पाठीमागसून गायलंस काय?" "रे, आवाज ट्रकातसून खंय सांडलो?" तू त्यांच्याबरोबर हसायचास, पण जत्रेत पेटी वाजवणं तू हळूहळू सोडलंस. मी विचारलं तेव्हा बोटं दुखतात म्हणालास.

अजून एक आहे. प्रत परत जाण्याआधी गाणं जोडायला हवं होतं. कायद्यानंही आणि शरमेनंही. प्रत पुढे सावंतवाडीला जाणार होती. मी विचार केला, सावंतवाडी केरीहून लांब नाही, तिथे गाणं दिसलं तर माझं खोटं उघडं पडेल. म्हणून जोडलं नाही. आणि तू सावंतवाडीला गेलास. एकटा, बस बदलून. परत येताना मुद्दाम डिचोलीला उतरलास आणि मला म्हणालास, "तू म्हणत होतंस तेच खरं रे. बेळगावहूनच कापली." माझी साक्ष पटली म्हणून तू मला सांगायला आला होतास.

आपल्या भागात फिरणारी प्रत ती एकच. पिक्चर पडलं. परत कधी लागलं नाही.

त्यानंतर तू बेळगावशी वैर धरलंस. माझ्या मुलीच्या लग्नात कुंद्याची वाटी पुढे केली तर तू ती सरकवलीस. "बेळगावचं काय नको." सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसलो असतो तर विचारलं असतं.

एकदा मात्र सांगायच्या अगदी जवळ आलो होतो. तू आमच्याकडे उतरला होतास आणि टीव्हीवर नव्या काळचं एक भलंमोठं ऐतिहासिक पिक्चर चाललं होतं. राजा जिंकून येतो आणि शेकडो माणसांत नाचायला लागतो. मी चिडून उठलो. "हे राजे आहेत की वरातीतले?" तू बांकावर आडवा होऊन पोट धरून हसत होतास. "बस रे. तुका गाणीच नको."

"गाणी नकोत असं नाही. पण त्या काळाला शोभायला नको?"

तू हसायचा थांबलास. "माझं शोभत होतं."

तूच पुढे बोललास. तुझा बाप केरीच्या खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचा. पलीकडच्या तीरावरून कुणाचं प्रेत गावी आणायचं असलं की वल्ह्यांचा फटका जोरात बसू नये म्हणून तो हे गाणं म्हणायचा आणि मागचे वल्हेवाले "हो" द्यायचे. त्याच्या बापानं त्याला शिकवलं, त्याच्या बापानं त्याला. संगीतवाल्यानं त्यातला एक शब्द बदलला नव्हता, चाल बदलली नव्हती. तू म्हणालास, "विष्णू, त्या पिक्चरात किल्लो पुठ्ठ्याचो, तलवारी लाकडाच्यो, दाढ्यो चिकटवलेल्यो. एकच वस्तू खरीच जुनी होती. ती कापली बघ मेल्यांनी."

मी म्हणालो, "चहा टाकायला सांगतो." आणि आत गेलो.

प्रेताच्या होडीत गाणं शोभत नाही म्हणून मी ते कापलं होतं. आणि ते गाणं दुसऱ्या कुठल्या वेळी म्हणतच नसत.

तू गेल्याचं उमेशनं फोनवर कळवलं. तुझा मुलगा तुझ्यासारखाच बोलतो, शेवटचा शब्द सोडून देतो. मला अंत्ययात्रेला पोचता आलं नाही, गुडघे आता बस चढू देत नाहीत. बाराव्या दिवशी जावयाच्या गाडीनं आलो, मांडीवर तो बिस्किटांचा डबा घेऊन. वाटेत झाकण थोडं उघडलं तर गाडीभर व्हिनेगरचा वास. जुनी फीत अशीच कुजते.

भामावहिनी मागच्या पडवीत बसल्या होत्या. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आता तुला सांगितलं तसंच. उमेशनं फितीचं टोक धरून उन्हासमोर केलं. लहान लहान चौकोनांत होडी, प्रेतावरची शाल, वल्हं. पुढची वळी एकमेकांना चिकटलेली. आता ती कुठल्याच मशीनवर चढणार नाही, आकसली आहे.

"आणि आवाज?" उमेशनं विचारलं.

मी कडेची पांढरी रेघ दाखवली. थरथरत गेल्यासारखी असते ती, कुठे जाड, कुठे बारीक. "हा बाबांचा आवाज."

वहिनींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, टोकापासून जिथे फीत चिकटली होती तिथपर्यंत. मग म्हणाल्या, "इतकी वर्सां तुमी ह्यो डबो घरात ठेवलात?"

"हो."

"आणि तेंनी कुंदो सोडलो." आणि पुढे म्हणाल्या, "त्या बेळगावान बापड्यान काय केल्लां?"

माफी मागायची तयारी करून आलो होतो, पण शब्द सगळे पाठ केल्यासारखे वाटले. वहिनींनी माफ केलं की नाही ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारणारही नाही. त्या म्हणाल्या, "तुमी आयकलां मां तां? तीन खेळ?"

"तीन खेळ."

"मगे म्हणान दाखवा."

पुरसो, मी जन्मात गायलो नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मी म्हणालो, "वहिनी, मला गाता येत नाही."

"ताचो माका काय उपयोग? आयकलेलो माणूस दुसरो खंय आसा?"

मग मी म्हटलं. दुपारचे तीन वाजले असतील, बाहेर खाडीवर तेरेखोलहून येणाऱ्या फेरीबोटीचा भोंगा वाजत होता. "हळू मार रे वल्हं, धनी निजलो आसा." माझा आवाज पहिल्याच ओळीला फाटला. पण चाल चुकली नाही. जनेलाला कपाळ लावून ऐकलेली होती ती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मी थांबलो, कारण तिथे मागच्यांचा "हो" येतो आणि मी एकटाच होतो. तेवढ्यात वहिनींनी तो "हो" दिला. अगदी जागच्या जागी. सासऱ्याकडून ऐकला असणार. पुढच्या ओळीला उमेशनंही दिला.

हे मी छापायला देतोय ते केरीच्या लोकांसाठी, त्या शिक्षकासाठी, तो असला तर, आणि ट्रकातून लाल होऊन आलेल्या माणसांपैकी जे उरले असतील त्यांच्यासाठी. पुरसो खोटं बोलला नव्हता. गाणं होतं, त्याचंच होतं, आणि त्या पिक्चरला त्याच्याइतकं शोभणारं दुसरं काही नव्हतं. दरबारातल्या नाचाबद्दल मात्र मी अजून माघार घेतलेली नाही.

गाणं संपल्यावर वहिनी खाडीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तेंनी सूर वायच वयर लावलो असतो." आणि नंतर, "परत म्हणा."

आयुष्यभर मी वन्स मोअरला शिव्या घातल्या. पुरसो, मी सूर थोडा वर लावला आणि पहिल्यापासून सुरू केलं.